अपंगांचे हक्क सरकार किती जपतं? नागपुरातल्या चोवीस वर्षांच्या कामावरून सांगते

प्रश्न हिंगण्याकडच्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा आहे. तिच्या लहान भावाला सिकल सेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे नुसता वाहक नाही, पूर्ण आजारच, पोरगा नववीत आहे, दर दोन-तीन महिन्यांनी अंग दुखायला लागतं आणि ॲडमिट करावं लागतं. शाळेने सांगून टाकलं की हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही. ती विचारते, "ताई, सिकल सेल आता अपंगत्वात धरतात असं ऐकलं, मग सरकार खरंच अशा लोकांच्या हक्काचं रक्षण करते का, की सगळं कागदावरच आहे? मी कुठं जाऊ?"

बेटा, आधी सरळ उत्तर देते, मग बाकीचं बोलू. वाटायचं काम असलं की सरकार बऱ्यापैकी करतं, स्वतःची रोजची पद्धत बदलायची वेळ आली की अडकतं. तीनचाकी सायकल, कानाचं मशीन, पांढरी काठी, एसटीचा पास, महिन्याचं अनुदान, हे सगळं उशिरा का होईना पण लोकांच्या हातात पडतं आणि लाखो घरांना त्याचा आधार आहे, मी ते कमी लेखत नाही. पण ऑफिसचा रॅम्प मापात बांधणं, मूकबधिर बाई तक्रार द्यायला आली तर दुभाषी बोलावणं, किंवा तुझ्या भावासारख्या पोराच्या हजेरीत सूट देणं, यात वाटायला काही नसतं. यात खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपलं काम वेगळ्या तऱ्हेने करावं लागतं. नेमकं तिथंच गाडी थांबते, आणि कायद्यात सगळ्यात जास्त लिहिलंय ते पण नेमकं त्याच्याबद्दलच.

कायदा म्हणशील तर आपला कायदा चांगला आहे, हे मी मनापासून सांगते. मी काम सुरू केलं तेव्हा १९९५ चा जुना कायदा होता, त्यात फक्त ७ प्रकारचं अपंगत्व होतं. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर मोहोर उठवली, आणि नवीन कायदा, म्हणजे अपंग व्यक्ती हक्क कायदा, यायला तरी २०१६ उजाडलं. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्यात २१ प्रकार आले, आणि आपल्या विदर्भासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सिकल सेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया त्यात आले. आपल्याकडे वस्त्या-वस्त्यांत, गोंड-माडियांच्या गावांत, बौद्ध समाजात, कितीतरी घरांत हा आजार आहे, आणि दोन पिढ्या लोकांनी तो "पोरगं अशक्त आहे" म्हणून सहन केला. यादीत नाव आलं म्हणजे सरकारने मान्य केलं की रक्तातला, वरून न दिसणारा आजार पण अपंगत्व असू शकतो.

पण त्याच कायद्यात एक फट राहून गेली आहे, ती तुला आत्ताच माहीत असू दे. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे ते कलम ३४ मध्ये, आणि त्या कलमात अंध, कर्णबधिर, हातापायाचं अपंगत्व, कुष्ठरोगातून बरे झालेले, ॲसिड हल्ल्यातले, ऑटिझम, मानसिक आजार, बहुविकलांग असे बरेच आहेत, पण रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे तुझा भाऊ कायद्याने अपंग धरला जातो, उच्च शिक्षणात ५ टक्क्यांच्या जागेवर अर्ज करू शकतो (४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं), पण पुढे नोकरीच्या आरक्षणात त्याला जागा नाही. पदवीपर्यंत हात धरायचा आणि दारात सोडून द्यायचं, हे मला पटत नाही, मी प्रत्येक बैठकीत हे बोलते आणि बोलत राहणार.

आता पहिलं दार, प्रमाणपत्राचं. सगळे हक्क या एका कागदाला, म्हणजे यूडीआयडी कार्डाला (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) बांधलेले आहेत, आणि माझ्या अनुभवात जास्तीत जास्त लोक इथंच गळतात. एक किस्सा सांगते, जागेचं नाव घेत नाही. भिवापूरकडून एक आई आली होती, पोरगा अकरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, पाय पूर्ण आखडलेले. पहाटेच्या एसटीने निघाली, नऊला रांगेत लागली. तपासणीची खोली वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तिने पोराला खांद्यावर टाकलं, अकरा वर्षांचं पोरगं हलकं नसतं, आणि मधल्या लँडिंगवर टेकून श्वास घेतला, तिथं भिंतीवर त्याचं डोकं लागू नये म्हणून आपला तळहात मध्ये ठेवला होता. वर गेल्यावर कळलं की हाडांचे डॉक्टर बुधवारीच बसतात, आज मंगळवार. तिने काही भांडण नाही केलं. तशीच पोराला घेऊन खाली उतरली आणि मला म्हणाली, "ताई, उद्याची मजुरी पण जाते आता." दोन दिवसांची मजुरी, दोघांचं दोनदा भाडं, आणि अजून कागद हातात नाहीच. पोराला चालता येत नाही हे तपासायला पोराला जिना चढून जावं लागलं, हे तिथल्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. त्यात कोणी दुष्ट नव्हतं, हे पण खरं आहे. तो शिपाई नंतर स्वतः पोराला उचलून खाली घेऊन आला. पण शिपायाच्या चांगुलपणावर चालतो तो हक्क नसतो ना.

हातापायाचं तरी दिसतं, सिकल सेलचं दिसत नाही. तपासणीच्या दिवशी पोरगं ठीकठाक असतं, हसून-बोलून राहिलं असतं, आणि समोरचा म्हणतो याला काय झालंय. म्हणून तपासणीला जाताना एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीचा रिपोर्ट आणि आजवरचे सगळे डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावून ने, रक्त कितीदा चढवलं ते वरच्या कागदावर लिही. सिकल सेलचं तपासणी कार्ड म्हणजे अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही, खूप घरं इथं फसतात. टक्के कमी दिले असं वाटलं तर कलम ५९ खाली अपील करता येतं. मंडळाने सांगितलं ते शेवटचं असं समजून लोक घरी जातात, तू जाऊ नको.

आणि हे तर पाठच करून ठेव, वाजवी सोय, म्हणजे अपंग माणसाला जमेल असा कामात-नियमात केलेला बदल, मिळायला ४० टक्के लागत नाहीत. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये हे अगदी स्पष्ट केलं. त्या मुलाच्या हाताला लिहिताना पेटके यायचे, त्याला लेखनिक नाकारला होता, कारण काय तर बेंचमार्क, म्हणजे किमान ४० टक्के, अपंगत्व नाही. कोर्टाने सांगितलं की आरक्षणासाठी बेंचमार्क लागतं, सोयीसाठी लावू नका. आता तुझ्या भावाला काय सोय पाहिजे? मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, शाळा सुरू होते तेव्हा पण उकाडा असतोच, अशा मुलांना अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उठतं. त्याला बेंचवर पाण्याची बाटली पाहिजे, लघवीला जायची मोकळीक पाहिजे, पी.टी.च्या तासाला उन्हात उभं करू नये, आणि दवाखान्यातले दिवस गैरहजेरीत धरू नयेत. यात सरकारचा एक रुपया जात नाही. आणि काहून माहीत नाही, पण हेच मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तीनचाकी सायकल मिळवून द्यायला मला जेवढे हेलपाटे लागले, त्याच्या दुप्पट एका मुलीला वर्गात पहिल्या बाकावर बसवायला लागले होते.

पैशाचं थोडक्यात सांगते. संजय गांधी निराधार योजनेत अपंगांना महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये दीड हजाराचे अडीच हजार केले, चांगलं झालं, त्यामागे वर्षानुवर्षांची आंदोलनं आहेत, बच्चू कडूंसारख्यांनी हा विषय रस्त्यावर लावून धरला. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग पण आपल्या राज्यात ३ डिसेंबर २०२२ ला झाला. पण केंद्राची अपंग पेन्शन बघ, ८० टक्क्यांच्या वर अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखाली घर असेल तर महिना ३०० रुपये, आणि हा आकडा २०१२ पासून तसाच आहे. ३०० रुपयात आज महिन्याचे डायपर पण येत नाहीत. राज्याच्या योजनेत अपंगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलीय. बाराने भाग, महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट होतात. धुणीभांडी करणारी बाई चार घरी जाते तर त्यापेक्षा जास्त कमावते. मग ती पात्र नाही. मग ती खोटा दाखला काढते, आणि पुन्हा तिलाच अप्रामाणिक म्हणायचं. कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलंय की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत अपंगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त द्यावं, कारण अपंग माणसाला जगायलाच जास्त खर्च येतो, रिक्षाचा, सोबत्याचा, औषधाचा. हे तत्त्व इतकं साधं आणि बरोबर आहे, ते सगळीकडे लागू झालं असतं तर मला अर्ध्या अर्जांची गरजच पडली नसती.

अंगठ्याबद्दल पण बोलायचंय. आपल्याकडे कुष्ठरोगातून बरे झालेले खूप लोक आहेत, वरोऱ्याचं आनंदवन तर सगळ्यांना माहीत आहे, पण कितीतरी जण गावातच आपल्या घरी राहतात. त्यातल्या एका बाबांसोबत मी पैसे काढायला गेले होते. बोटांची पेरं झडलेली, जे उरलंय ते गुळगुळीत. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. परत, लाल दिवा. काउंटरवरच्या पोराने काच रुमालाने पुसली, बाबांचा हात स्वतःच्या हातात घेऊन दाबून बघितला (तो हात त्याने धरला याचंच मला बरं वाटलं, पूर्वी कोणी शिवत नव्हतं), परत लाल. मग म्हणतो, "बाबा, सिस्टीम घेत नाही." बाबा म्हणाले, "मी जिवंत आहो ना, समोर उभा आहो." बायोमेट्रिक होत नसेल तर अपवादाची सोय आहे, नियमात आहे, पण त्या पोराला कोणी शिकवलंच नव्हतं. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ॲसिड हल्ल्यातल्या महिलांच्या याचिकेवर सांगितलं, केवायसीसाठी (बँकेत, मोबाईलवर ओळख पटवायला) डोळे मिचकावून दाखवा म्हणणं ज्यांना डोळे मिचकावता येत नाहीत त्यांच्यावर अन्याय आहे आणि डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हा निकाल मी वाचला तेव्हा मला आधी ते बाबाच आठवले.

रॅम्पची गोष्ट मी जिथं जाते तिथं सांगते कारण ती मोजता येते. माझ्या पिशवीत टेप असतो. नियम साधा आहे, एक इंच चढायला बारा इंच लांबी. म्हणजे पायऱ्या मिळून ६० सेंटीमीटर उंच असतील तर रॅम्प सव्वासात मीटरचा पाहिजे. एका सरकारी इमारतीत मी मोजला, उंची ६० आणि रॅम्प दोन मीटरला थोडा जास्त. वर गुळगुळीत टाइल. त्यावरून व्हीलचेअर चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरताना माणूस तोंडावर पडेल. वरच्या टोकाला चॅनल गेट, त्याला कुलूप, चावी कोणाकडे ते विचारायला अर्धा तास गेला. कागदावर मात्र "रॅम्प : आहे." अपंगांसाठी म्हणून केलेल्या टॉयलेटमध्ये जुन्या फायलींचे गठ्ठे होते. २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झालं, कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे अपंगांना वापरता येतील अशा, करायला नियम निघाल्यापासून ५ वर्षं दिली, नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. आणि मग ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की सुगमतेचा जो नियम सरकारने केला तो नुसता सल्ल्यासारखा आहे, कायदा तर बंधनकारक आहे, म्हणून तो नियम चालणार नाही, ३ महिन्यांत सक्तीचे निकष करा. मला यातून एवढंच कळलं की कायद्यात "करावेच लागेल" असलेलं नियमापर्यंत येता येता "केल्यास बरे" होऊन जातं, आणि टेबलापर्यंत येता येता "बघू" होतं.

बदलता येत नाही असं पण नाही. आपल्या मेट्रोची स्टेशनं बघ, लिफ्ट आहे, अंधांना पायाने कळेल अशी पिवळी पट्टी आहे, डब्यात व्हीलचेअरला जागा आहे. माझ्यासोबत काम करणारा एक दृष्टिहीन मुलगा वर्धा रोडवरून सीताबर्डीला एकटा येतो, त्याच्या आईला हे बघून रडू आलं होतं. का झालं? कारण नकाशा काढतानाच विचार केला. नंतर ठिगळ लावायला गेलं की होत नाही. स्टेशनच्या बाहेर पाय ठेवला की मात्र ती पट्टी संपते, पुढे फूटपाथवर ठेले, विजेच्या डीपी, उखडलेले ब्लॉक, आणि तो पोरगा परत कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवतो.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार केला, पण लिहितेच. माणूस पूर्णपणे सरकारच्या ताब्यात असतो तेव्हा त्याचे हक्क किती जपले जातात, ही खरी परीक्षा. प्रोफेसर जी. एन. साईबाबा, पोलिओमुळे ९० टक्के अपंग, व्हीलचेअरवर, माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून आपल्या नागपूरच्या सेंट्रल जेलमध्ये कितीतरी वर्षं होते. ५ मार्च २०२४ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडलं, बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं की टॉयलेटला आणि आंघोळीला दुसऱ्यांनी उचलून न्यावं लागायचं. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ते गेले. त्यांच्या विचारांशी कोणाचं पटो न पटो, एका माणसाला टॉयलेटपर्यंत स्वतःचं स्वतः जाता यावं यात विचारांचा काय संबंध. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तामिळनाडूच्या एका अपंग वकिलाच्या केसमध्ये तिथल्या तुरुंगांत रॅम्प, टॉयलेट, उपचाराची सोय करायचे आदेश दिले, ते वाचून मला साईबाबांचं ते बोलणं परत आठवलं आणि वाटलं की हे आधी व्हायला पाहिजे होतं.

दरवर्षी डिसेंबरमध्ये आपल्याकडे विधिमंडळाचं अधिवेशन असतं, ३ डिसेंबरचा अपंग दिन होऊन काहीच दिवस झाले असतात. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंटला पोलीस अडवतात. मी तिथं थंडीत रस्त्यावर बसलेली कुबड्या घेतलेली माणसं बघितली आहेत, हाताने बोलणाऱ्या मुली बघितल्या आहेत ज्यांच्या घोषणेला आवाज नसतो. मागण्या बघशील तर नवीन काहीच नसतं, जे कायद्यात आधीच आहे तेच मागत असतात. भरती करा, अनुशेष भरा, ५ टक्के निधी खर्च करा. हा ५ टक्के निधी म्हणजे महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के अपंगांवर खर्च करायचा असतो. तुमच्या ग्रामपंचायतीने तो कशावर खर्च केला हे माहितीच्या अधिकारात नक्की विचार, मी बऱ्याच गावांत विचारलाय आणि नुसतं विचारल्यावर पण पुढच्या वर्षी खर्च झालेला बघितलाय.

आता तू काय करायचं. तोंडी विनंती बंद कर. हेडमास्तरांच्या नावाने अर्ज लिही, त्यात लिही की माझ्या भावाला सिकल सेल आहे, अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या अनुसूचीत हा आजार आहे, कलम १६ नुसार मान्यताप्राप्त शाळेने वाजवी सोय द्यायची असते, म्हणून दवाखान्यातले दिवस हजेरीत सूट म्हणून धरावेत, बुडालेल्या चाचणीची फेरपरीक्षा घ्यावी, आणि पाणी व टॉयलेटची परवानगी द्यावी. डिस्चार्ज कार्डच्या झेरॉक्स जोड. दोन प्रती ने आणि एकीवर सही-शिक्का-तारीख घे. शिक्षकाशी भांडू नको, खूप शिक्षकांना हे माहीतच नसतं आणि समजावलं की ते आपलेच होतात. यूडीआयडीचा अर्ज आजच स्वावलंबन पोर्टलवर भर, शाळेचं काम त्याच्यासाठी थांबवू नको.

शाळेने ऐकलं नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. सरकारी कार्यालयात कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला पाहिजे, त्याचं नाव विचार. त्याच्यावर पुण्याचे राज्य अपंग आयुक्त, त्यांना चौकशीसाठी दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, तक्रार पोस्टाने किंवा ईमेलने पाठवता येते, पुण्याला जायलाच पाहिजे असं नाही. आणि वकिलाच्या फीला घाबरू नको, अपंग व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, आपल्या जिल्हा कोर्टातच त्यांचं ऑफिस आहे. माझ्या अनुभवात दहातली सात-आठ कामं पहिल्या लेखी अर्जावरच होतात, कारण कलम नंबर आणि पोच बघितली की समोरचा माणूस पण जरा नीट बसतो.

अर्ज सोमवारी दे. पंधरा दिवस वाट बघ. उत्तर नाही आलं तर ती पोच आणि भावाची फाईल घेऊन ये, शिक्षणाधिकाऱ्यांचा अर्ज आपण सोबत बसून लिहू. भाऊ बरा असला तर त्याला पण आण, त्याला काय त्रास होतो ते त्याच्याच शब्दांत लिहायचंय.